स्पष्टवक्ता

कावळा शिवेना.

टाकव्याच्या नदीकाठी प्रवचन संपून पाऊण तास झाला होता. पिंडाशेजारी गौरवचा आवडता वडापाव ठेवून झाला, चहाचा कप ठेवून झाला, शेवटी त्याचा तडा गेलेला मोबाईलही ठेवला. समोरच्या करंजावर तीन कावळे होते. ते खाली बघत आणि पुन्हा चोचीनं पंख साफ करत बसत. दहाव्याला आलेली माणसं उन्हात चुळबुळत होती. कुणाला कंपनीत जायचं होतं, कुणाला दुसऱ्या गावचा दहावा गाठायचा होता.

बाप निवृत्ती हात जोडून एकेक वचन देत होता. "पोरा, तुज्या बहिनीला शिकवतो. तुज्या आईला अंतर देनार न्हाई." कावळे ढिम्म. चुलत्यानं बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं. तीस वर्षांचं भांडण एका मिनिटात मिटलं, पण कावळ्यांना त्याचंही कौतुक नव्हतं.

"त्याचं ते मोबाईलवरचं लिव्हनं राह्यलं आसंल," निवृत्ती म्हणाला. "जपानी कार्टूनचं. सत्यम कुटंय? सत्यम, फुडं ये बाबा."

सत्यम मागे उभा होता. गौरवचा शाळेपासूनचा दोस्त, लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर कामाला. त्याच्या घरी पिंड, कावळा यातलं काही नव्हतं. पणजोबांनी छप्पन साली ते सगळं सोडलं होतं. तो आला होता दोस्तासाठी. दोघांनी मिळून चार वर्षं ॲनिमेचा ब्लॉग चालवला होता. नवी मालिका आली की दोघंही तिच्यावर आपापलं मत लिहायचे, मराठीत. सत्यमचं लिहिणं हुशारीचं असायचं आणि ते कोणी वाचायचं नाही. गौरव सरळ लिहायचा. नवव्या भागात ती दीपगृहातली पोरगी एकटी पडली तेव्हा मी रडलो आणि जेवलो नाही, असं. त्याखाली वीसपंचवीस जण आपापलं रडणं सांगून जायचे.

सत्यम पुढे आला. लोकांदेखत झाडाशी बोलायची त्याला लाज वाटली, तरी बोलला. "गौऱ्या, ब्लॉग मी बंद पडू देणार नाही. त्या दीपगृहाच्या मालिकेच्या शेवटच्या भागावर मी लिहितो."

एक कावळा उडाला आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसला.

"मला ठावं हाय काय राह्यलंय ते," सरूबाई म्हणाली. ती गौरवची आई. दहा दिवसांत तिचा आवाज लोकांनी पहिल्यांदाच ऐकला. "त्यो स्पष्टवक्ता."

"कोन?" निवृत्तीनं विचारलं.

"मोबाईलवर हाय एक मानूस. त्याच नावानं लिव्हतो. ह्याच्या लिव्हन्याखाली यून लय वंगाळ बोलायचा. रडक्या म्हनायचा. तुला काय कळतंय, भात लावाय जा, म्हनायचा. माजं पोरगं रातभर त्याला उत्तर देत बसायचं. चार रात्री डोळ्याला डोळा न्हाई, आन् पाचव्या दिशी सकाळच्या शिफ्टला गाडी काढली. मी म्हनलं, कशाला आसल्याच्या नादी लागतूस? तर म्हनला, आये, त्याला पटवायचंय."

गाडी कान्हे फाट्याजवळ कंटेनरखाली गेली होती. डुलकी लागली असेल, नसेलही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं सत्यम दहा दिवस मनाला समजावत होता. स्पष्टवक्ता हे नाव त्यानंच घेतलेलं होतं. आधी गंमत म्हणून. मग, खरं सांगायचं तर, जळून. रात्री तो त्या नावानं गौरवला झोडपायचा, आणि दुपारी गौरवचा फोन आला की त्या माणसाला काय उत्तर द्यायचं हे तोच सुचवायचा. चांगली उत्तरं सुचवायचा. गौरव खूश व्हायचा.

"सत्यम, तुला मोबाईलमधलं समदं कळतं," सरूबाई म्हणाली. "तू त्यो मानूस शोध. मी त्याला काय बी बोलनार न्हाई, शप्पत घेते. त्यानं निस्तं माज्या पोराफुडं यावं आन् म्हनावं, पटलं. येवडंच."

एकच शब्द होता. सत्यमच्या ओठांपर्यंत आलाही. समोर शंभर माणसं होती, त्यात गौरवची बहीण. तिचे डोळे त्याच्यावरच होते, कारण आता आशा त्याचीच होती. त्याला स्वतःची किळस आली.

"शोधतो, मावशी," तो म्हणाला.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. झालं. लोक उठले, चपला शोधू लागले, गाड्या सुरू झाल्या. निवृत्तीनं वडापाव उचलून गाईपुढे ठेवला.

सत्यम निघायला वळला तर सरूबाईनं त्याचा हात धरला. दहा दिवसांत तिचा हात वाळून काटकी झाला होता.

"घाई न्हाई," ती म्हणाली. "वर्सश्राद्धापत्तुर गावला तरी चालंल. लांबचा आसंल बिचारा, येकटा यायला भ्याल. तू त्याच्यासंगं ये."