पिशवी कोण नेणार

“हे पॅड काढ आधी,” सासूबाई म्हणाल्या. “बेघर बायका काय सगळ्या तरण्याताठ्याच असतात?”

सुनेनं पाकीट काढून पलंगावर ठेवलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. या घरात येऊन ती एवढं एक नक्की शिकली होती.

पिशवी तिनं स्वतःसाठी भरली होती. टॉवेल, साबण, कंगवा, ब्रश, कपड्यांचे दोन जोड, चपला. मागच्या रविवारी दोन बायका दारावर आल्या होत्या. बेघर बायकांसाठी रोजच्या वापराच्या वस्तू गोळा करत होत्या. पुढच्या रविवारी सकाळी फाटकाशी गाडी येईल, ती थेट निवाऱ्यावर जाते, असं म्हणाल्या. जाता जाता त्यांच्यातली चष्मेवाली सहज बोलली, “वाटेत एखादी बाई येते म्हणाली तर तिलाही घेतो आम्ही. काही विचारत नाही.”

नवरा तेव्हा आंघोळीला गेला होता. सासूबाई मागेच उभ्या होत्या, दूध उतू जाईल म्हणून कुरकुरत.

तेव्हापासून सुनेच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पिशवी घेऊन खाली जायचं आणि गाडीत बसायचं, बस्स. हात उचलायला नवऱ्याला आता कारणही लागत नव्हतं. एकटीनं घराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. दाराची किल्ली सासूबाईंकडे, आणि सासूबाई म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसलेला पहारा. समोरच्या बाईशी दोन शब्द जास्त बोललं तरी संध्याकाळी ते लेकाच्या कानावर जायचं. असल्या पहाऱ्यातून सुटायचं तर दानाचं निमित्तच हवं, असं तिनं ठरवलं होतं.

“आणि या चपला? या कुणाच्या पायात जायच्या?” सासूबाईंनी चपला बाजूला भिरकावल्या. स्वतःच्या रुंद, मऊ तळव्यांच्या चपला आणून पिशवीत कोंबल्या. “द्यायचं तर धड द्यावं माणसानं.”

मग कपड्यांची पाळी. सुनेचे दोन्ही जोड बाहेर आले, सासूबाईंचे ढगळ सुती आत गेले. वर लोकरीची शाल. गुडघ्यांना चोळायचं मलम.

म्हातारीला अचानक दानाचा एवढा पुळका कुठून आला, देव जाणे. सून मनात म्हणाली, घाला काय घालायचं ते. मी अनवाणी जाईन, अंगावरच्या कपड्यांनिशी जाईन, पण मला एकदा खाली जाऊ द्या.

“काय चाललंय?”

नवरा दारात उभा होता. पुढे होऊन त्यानं पिशवी पलंगावर उपडी केली.

“वा! फुकट आलंय का हे सगळं?” त्यानं शाल उचलली. “ही मी आणली होती ना?”

सासूबाईंचं उजवं मनगट फडक्यानं बांधलेलं होतं. बाथरूममध्ये घसरले, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. तो हात त्यांनी पाठीमागे घेतला.

“टोचते रे मला ती,” त्या म्हणाल्या. “सगळी बिल्डिंग देतेय. आपणच नाही दिलं तर नाक तुझंच कापलं जाईल. चार लोकांत ऊठबस आहे तुझी.”

त्यानं शाल चाचपली, चपला उलट्या करून पाहिल्या आणि कंटाळून सगळं परत पलंगावर टाकलं.

“भरा,” तो म्हणाला.

सुनेनं भराभर पिशवी भरली. खाली हॉर्न वाजला.

“मी देऊन येते.” तिनं पिशवीचे बंद धरले.

“तू?” नवरा हसला. “तू कुठे निघालीस मिरवायला? आई जाईल.”

“अहो, जड आहे. आईंचा हात दुखतोय...”

“एकदा सांगितलेलं कळत नाही?”

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा या बाईनं आपल्या बाजूनं बोलावं. येऊ दे तिला सोबत, एवढंच म्हणावं.

सासूबाईंनीही तिच्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

“तिचं काय काम?” त्या म्हणाल्या. “बस गं तू घरात.”

डाव्या हातानं पिशवी उचलून त्या निघाल्या. दार बंद झालं. नवरा आतल्या खोलीत जाऊन आडवा पडला.

सून खिडकीशी गेली. रडू येत होतं, पण ते रागाचं. इतकी कशी दगड ही बाई! स्वतःच्या हाताची ही गत झाली, तरी दुसरीची कीव येऊ नये?

खाली फाटकाशी गाडी उभी होती. चष्मेवाली मागचं दार उघडून पिशव्या घेत होती. शेजारच्यांनी आपापल्या दिल्या आणि पांगले. सासूबाई सगळ्यांत शेवटी गेल्या. चष्मेवालीनं पिशवीसाठी हात पुढे केला.

सासूबाईंनी पिशवी दिली नाही. त्या काहीतरी बोलल्या. चष्मेवालीनं मान हलवली आणि बाजूला झाली. सासूबाईंनी डाव्या हातानं दांडी पकडली, एक पाय वर टाकला, कशाबशा आत चढल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. वर एकदाही पाहिलं नाही. दार लागलं. गाडी निघाली.

“आई आली का गं वर?” आतून नवऱ्यानं विचारलं.

गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत सून काही बोलली नाही.

“नाही अजून,” मग ती म्हणाली. “शेजारणी भेटल्यात खाली. बोलत बसल्यात.”