चाळिसावी ओळ

सत्त्याऐंशी साली दसऱ्याची सुट्टी संपवून मी साखर कारखान्यातल्या युनिक्स कॉम्प्युटरसमोर बसले, तर ऊसनोंदणीचा प्रोग्रॅम कंपाइल होईना, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरेना. हंगाम आठ दिवसांवर आला होता. चूक चाळिसाव्या ओळीत आहे, असं मशीन सांगत होतं.

त्या ओळीत इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता: उठा. मी तो लिहिलेला नव्हता.

पुसला, पुन्हा कंपाइल केलं. पुन्हा चाळिसावी ओळ, पुन्हा उठा. चारदा असं झाल्यावर वैतागून मी फाइलची तारीख पाहिली. आत्ता हात लावलेल्या फाइलवर खंडेनवमीची दुपार होती, बरोबर बाराची वेळ. तेव्हा तर वायर काढून, हार घालून आम्ही सगळे मशीनची पूजा करत होतो.

शिपाई गणपतराव चहा घेऊन आले. मी विचारलं, "पूजेच्या वेळी या खुर्चीवर कोण बसलं होतं?"

"कोण बसतंय? देवाची सुपारी मांडलेली की तितं." मग ते थबकले. "म्याडम, अक्षता टाकून, हलवून मगच उचललीसा न्हवं? त्याबिगर देव जागा सोडत न्हाई."

मी सकाळी ती नुसती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली होती.

गणपतरावांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी पडद्याकडं पाहिलंही नाही. खुर्चीकडं बघत ते हळूच म्हणाले, "उठा."

मी उठले. कुणी बटणाला हात न लावता प्रोग्रॅम कंपाइल झाला, एकही चूक न दाखवता.

खुर्चीची गादी मात्र दबलेलीच राहिली.