पश्चिमेचं दार

दारावर थाप पडली. चिमुकल्या मुठीची, अगदी खालच्या फळीवर. लीस्बेथनं लक्ष दिलं नाही. साठ वर्षं ती थाप ऐकत होती. पाहुण्यांना कधीच ऐकू येत नसे.

"आमच्या पवनचक्कीला समोरासमोर दोन दारं," ती बसमधून उतरलेल्या पर्यटकांना सांगत होती. "ज्या दारापुढे पाती फिरतात, त्याला कडी. ये-जा दुसऱ्या दारानं. वारा बदलला की बाहेरून चक्कीचा माथा पात्यांसकट फिरवायचा आणि आत ओरडून सांगायचं. मग कडीही बदलायची."

"आणि ओरडायला विसरलं तर?" एका बाईनं हसत विचारलं.

"विसरत नाही कुणी. जा, वर बघून या."

पुढचं ती कधी सांगत नसे. सात वर्षांची असताना एका सकाळी तिनं पश्चिमेच्या दाराला कडी घातली होती. तिचा तीन वर्षांचा धाकटा भाऊ वाउट त्यावर थापा मारून कंटाळला आणि पूर्वेच्या दारानं बाहेर पळाला. पाती तिथेच फिरत होती. "वारा पहाटेच बदलला होता," बाबा म्हणाले. "भलत्याच दाराला कडी घातलीस, पोरी." तिनं लग्न केलं नाही, चक्की सोडली नाही. मरतानाही बाबांनी त्याच दाराकडे बोट दाखवलं. "उघड गं, वाजवतोय बघ तो." जाता जाताही टोचून बोलले, म्हणून ती तेव्हा फार रडली होती.

पुन्हा थाप पडली. जिना न चढता मागे राहिलेला एक म्हातारा दचकला.

"तुम्हाला... ऐकू आली?"

"कॅनडातही येते, लीस."

तेव्हा तिनं त्याला ओळखलं. थोरला भाऊ खेरित. वाउटला पुरलं त्याच वर्षी घर सोडून गेलेला.

"दादा? स्वतःच्या घरात तिकीट काढून आलास?"

"कोणत्या तोंडानं येऊ?" तो म्हणाला. "वारा दुपारी बदलला गं. माथा मी आणि बाबांनी फिरवला. कालव्याचं पाणी चढत होतं, चक्कीनं ते उपसायची घाई होती. आत ओरडायला आम्ही विसरलो. तुझी कडी बरोबर होती. बाबांनी मला शपथ घातली."

"मी सात वर्षांची होते, दादा."

"म्हणूनच. लहान आहे, विसरेल, म्हणाले."

एकाएकी खेरितनं दोन्ही कानांवर हात दाबले.

"बघ, पुन्हा!"

लीस्बेथनं दाराला कान लावला. तिला फक्त वारा ऐकू आला.