हयात कवयित्रीचा स्मृतिदिन

"या बघा. दहा वर्षांपूर्वी वारल्या म्हणता ना? बघून घ्या!" सुनेने सासूला हाताला धरून उपसंपादकाच्या टेबलापुढे उभं केलं आणि सकाळचा पेपर त्याच्यासमोर आपटला.

उपसंपादकाच्या तोंडचं पाणी पळालं. बावीस वर्षं तो रोजचा दिनविशेष लिहीत होता. आज कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, आणि खाली चौकटीत ऋतूला साजेशा चार ओळी. आज ज्या कवयित्रीची पुण्यतिथी त्याने छापली होती, ती समोर उभी होती. पांढरा अंबाडा, जाड भिंगांचा चष्मा, पायांत घरातल्याच चपला.

"याच नावाच्या दुसऱ्या एक होत्या..." तो धडपडत उठला. "नावाने घात केला, बाई. कुठल्या तोंडाने माफी मागू?"

"सकाळपासून फोन थांबत नाहीये," सून म्हणाली. "जो तो विचारतोय, कशाने गेल्या? आणि या आपल्या शेजारी बसून चहा पितायत! उद्या पहिल्या पानावर छापा, जिवंत आहेत म्हणून."

म्हातारी खुर्चीत टेकली. खिडकीबाहेर पानगळ चालली होती. कुठे पोचायचंच नसल्यासारखी पानं सावकाश खाली उतरत होती. ती त्यांच्याकडेच बघत राहिली.

"एक फोन मी घेतला," ती म्हणाली. "निवृत्त पोस्टमन होता. म्हणाला, बाईंची ती कविता मी सायकलवर म्हणायचो. म्हटलं, आता म्हणा. सगळी म्हणून दाखवली त्याने. माझ्यासुद्धा लक्षात नव्हती. मी कोण ते काही सांगितलं नाही. कशाला त्याचा सूर मोडा?"

मग चष्मा सारखा करत तिने पेपरावर बोट ठेवलं.

"ही ओळ मात्र दुरुस्त करा. 'पान सुटता सुटता झाड रडून घेते' असं छापलंय तुम्ही. 'झाड वाकून बघते' असं आहे ते. रडकी झाडं मी कधी लिहिली नाहीत."

उपसंपादकाने घाईघाईने लिहून घेतलं. "आणि... आपण हयात असल्याचं?"

"ते राहू दे. थोड्या दिवसांनी पुन्हा बदलत बसाल."

"आई!" सून ओरडली.

म्हातारी हसली. "उद्या कोण आहे हो?"

"उद्या कुणीच नाही," तो म्हणाला. "ना जयंती, ना पुण्यतिथी. वर्षात असे दोन-तीन दिवस रिकामे जातात. मग मी तिथे हवामान जरा मोठ्या अक्षरांत टाकतो."

"रिकामा दिवस," ती स्वतःशीच म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग टेबलावरचा एक कोरा कागद तिने पुढे ओढला आणि उपसंपादकाच्या हातातलं पेन न विचारता काढून घेतलं.

सून काही बोलणार होती, पण थबकली. लग्न होऊन सतरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत तिने या हाताला वाणसामानाच्या याद्या आणि औषधांच्या वेळा, एवढंच लिहिताना पाहिलं होतं.

म्हातारीने एक ओळ लिहिली, खोडली. दुसरीही खोडली. तिसरीपाशी तिचे ओठ हलू लागले. कागदाचा कोपरा वाऱ्याने सारखा उडत होता.

सून पुढे झाली. आवाज न करता तिने पंखा बंद केला आणि कुणी आत येऊ नये म्हणून दारात जाऊन उभी राहिली.