फिनलंडची कॅसेट

"आधी 'चोर' हा शब्द मागे घ्या, मग चपला काढा," बुद्धभूषण दारातच म्हणाला.

केदारने चपला काढल्या. शब्द मागे घेतला नाही.

नारायण पेठेतून खराडीला नोकरीवर जायचं आणि परत यायचं, एवढाच त्याचा रस्ता. खडकीत तो आयुष्यात पहिल्यांदाच येत होता, आणि तोही भांडायला. काखेत जुना टेपरेकॉर्डर, खिशात एक कॅसेट.

भांडण ब्रूटल डेथ मेटलचं होतं. म्हणजे गिटार करवतीसारखी, ड्रम मशीनगनसारखे, आणि गाणारा पोटाच्या तळातून असा गुरगुरतो की शब्द त्याच्या आईलाही कळू नयेत. पुण्यात हे ऐकणारे मोजकेच, पण त्या मोजक्यांत केदारचा शब्द शेवटचा. पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ आपल्या चॅनेलवर कुणी कुणाचं ढापलं ते जाहीर करायचा, आणि त्याने बोट दाखवलं की तो बँड उठला बाजारातून. या खेपेला बोट बुद्धभूषणच्या बँडवर होतं. शनिवारच्या कार्यक्रमातून त्यांचं नाव दुसऱ्याच दिवशी उडालं.

बुद्धभूषणने निरोप धाडला होता की कॅसेट घेऊन घरी या आणि सगळ्यांसमोर वाजवा. गाणं तेच निघालं तर कॅमेऱ्यापुढे चोर म्हणवून घेईन, बँड मोडेन. नाही निघालं तर तुम्ही माफी मागायची.

केदारने टेबलावर फोन उभा केला, आणि चॅनेलवरची मंडळी बघायला लागली.

बाबासाहेबांच्या तसबिरीखाली गिटार टेकवलेली होती. शेजारी निकिता, बुद्धभूषणची धाकटी बहीण. बँडमध्ये गुरगुरणारी तीच. वेताच्या खुर्चीत त्यांचे वडील, रतन. सरकारी हिशेबतपासनीस. आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. आज अर्धी रजा टाकून बसले होते.

"चहा?" त्यांनी विचारलं.

"आधी निकाल," केदार म्हणाला.

कॅसेटवर काट्याकुट्यांचा गुंता छापला होता. रतननी चष्मा लावून विचारलं, हे काय लिहिलंय. बँडचं नाव ते, वाचायचं नसतं, केदारने सांगितलं. बँड फिनलंडचा. भारतात ही एकच प्रत. कॉलेजात असताना एका मुलाकडून घेतली, त्याचा मामा म्हणे जहाजावर होता.

"कसा होता मुलगा?"

"होता कुणीतरी. कॅसेट लक्षात राहते, विकणारा कोण लक्षात ठेवतो?"

"फार थंडी असेल नाही तिकडे," रतन म्हणाले, आणि इथल्या बँडचं तुम्ही तेव्हा काही ऐकत होता का, असं त्यांनी विचारलं.

केदार हसला. इथली पोरं कार्यक्रमाबाहेर गाठून कॅसेटी हातात कोंबायची, तो न ऐकताच परत द्यायचा. "मूळ काही सुचायला कानांवर संस्कार लागतात. पिढ्यांचे. इथे ते नाहीत."

"इथे म्हणजे?" निकिताने विचारलं.

"इथे म्हणजे इथे."

बुद्धभूषण उठलाच. रतननी त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं.

कॅसेट सुरू झाली, आणि बुद्धभूषणचा चेहरा उतरत गेला. तीच गिटार. तेच वळण. तीच घाई, तेच अडखळणं.

"मी हे कधीच ऐकलेलं नाही," तो म्हणाला. "लहानपणापासून डोक्यात होतं ते. आईशप्पथ."

"सगळे चोर हेच सांगतात," केदार म्हणाला. "थांब, आता ऐक."

टेपवर सगळी वाद्यं एकदम थांबली. त्या शांततेत लांबून एक सायरन चढत गेला, वर जाऊन थरथरला, उतरला. तो मिटतो न मिटतो तोच गुरगुराट आणि गिटार एकत्र कोसळले.

निकिताने झटकन मान वर केली. रतननी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. बुद्धभूषणने डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. त्याला काही ऐकू येत नव्हतं.

केदारला आता चेव आला. याला म्हणतात गाणं रचणं, तो फोनकडे वळून सांगू लागला. युद्धाचा सायरन, नेमका गिटारच्या सुरात लावलेला. हे सुचायला फिनलंडचं बर्फ लागतं. आणि या चोरांच्या गाण्यात त्या जागी काय आहे, तर पोकळी. सगळे गप्प उभे. का उभे, त्यांनाच माहीत नाही.

"मला ते तसंच आठवत होतं," बुद्धभूषण पुटपुटला. "तिथे थांबायचं असतं."

"म्हण आता. कॅमेऱ्याकडे बघ आणि म्हण."

"निकिता, ते बंद कर जरा," रतन म्हणाले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आणि चहा आण. म्हणेल तो. पळून जात नाही. पाच मिनिटं थांबा."

केदारला आता चहा चालणार होता. निकाल लागला होता. तो बशीत ओतून फुर्रकन प्यायला. बुद्धभूषण उठून फोनसमोर उभा राहिला. त्याने तोंड उघडलं.

तेवढ्यात सायरन सुरू झाला. चढत गेला, वर जाऊन थरथरला.

"मध्येच कशाला लावलंस?" केदार निकितावर खेकसला. "त्याला बोलू दे आधी." आणि त्याने हात लांबवून टेपचं बटण दाबलं. सायरन थांबेना. त्याने पुन्हा दाबलं.

निकिताने मूठ उघडली. कॅसेट तिच्या हातात होती.

"कारखान्याचा भोंगा आहे काका," ती म्हणाली. "रोज याच वेळी होतो."

भोंगा मिटत आला तशी रतननी कपबशी खाली ठेवली, चष्मा काढला, आणि ज्या आवाजाला केदार तीस वर्षं फिनलंडचा म्हणत आला होता, त्या आवाजात गाणं पुढे सुरू केलं.