टाकीचं गाणं

निषेधसभेचा माईक लागेना, म्हणून शेवटी सेबॅस्टियनलाच बोलवावं लागलं. निषेध त्याच्याच बँडचा होता, पण अख्ख्या भुईगावात दुसरी साउंड सिस्टिम नव्हती.

त्याने वायर तपासली, पिन फिरवून घट्ट बसवली आणि माईकमध्ये म्हणाला, ‘हॅलो, चेक.’ मंडपातल्या चार-पाच जणांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मग सभा कशाची आहे ते आठवून हात खाली घेतले.

‘आता बस,’ सभेचे अध्यक्ष अँथनी अंकल म्हणाले. ‘समोरच बस. तुझ्याबद्दलच बोलायचंय.’

ठराव साधा होता. दरवर्षी गावच्या सणाच्या रात्री सेबॅस्टियनचा बँड वाजवतो. यंदा त्याने वाजवू नये. या रात्रीसाठी सेबॅस्टियनने पुण्याचा मोठा कार्यक्रम सोडला होता. ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगून उपयोग नव्हता.

भानगड एकाच गाण्याची होती. ते गावातल्या विहिरीवरचं होतं. टँकरवाले पाणी उपसत गेले आणि विहीर खारी झाली, त्याचं. कॅसेट निघाली तेव्हा गावाने पेढे वाटले. गाणं टीव्हीवर लागलं तेव्हा पुन्हा वाटले. मग ते प्लास्टिकच्या टाकीच्या जाहिरातीत गेलं आणि गावोगावी ‘टाकीचं गाणं’ झालं. मग त्याची चाल गाड्यांच्या रिव्हर्स हॉर्नमध्ये आली. आता रोज सकाळी टँकर पुढची विहीर उपसायला मागे येतो, तेव्हा हेच गाणं वाजतं.

‘माझा नातू तीन वर्षांचा आहे,’ प्रल्हाद उठून म्हणाला. ‘हे गाणं लागलं की पळत जाऊन भिंतीला चिकटतो. घरात कोणी गुणगुणलं तरी चिकटतो. डॉक्टर म्हणाले, पोरगं नॉर्मल आहे, गाणं बदला.’

बँडचा ड्रमर मार्सेल मागे बसला होता. त्याचं मत विचारलं.

‘मला कशाला विचारता?’ मार्सेल म्हणाला. ‘मला ते रोज वाजवावं लागतं.’

हे ठरावाच्या बाजूने धरण्यात आलं.

त्यानंतर जो उठला तो सांगू लागला की बँडच्या पहिल्या कार्यक्रमाला आपण हजर होतो, म्हणून आपल्या मनाला जास्त लागलंय. पहिला कार्यक्रम मार्सेलच्या केळीच्या वाडीत, पंपाच्या खोलीत झाला होता. त्या खोलीत पंप धरून सात जण मावायचे. मंडपातले पंधरा-वीस जण आतापर्यंत तिथे हजर निघाले होते आणि अजून काही हात वर होते. सेबॅस्टियनने कोणालाच खोटं पाडलं नाही. खोलीत ऑइलचा आणि वाळवलेल्या सुकेळ्यांचा वास यायचा, हे प्रत्येक जण बरोबर सांगत होता.

शेवटी दीपेश उठला. तो त्या खोलीत खरंच होता.

‘तेव्हा तू दुसऱ्या कडव्याला अडकायचास,’ तो सेबॅस्टियनला म्हणाला. ‘मी पुढे बसून शब्द सांगायचो. आता टीव्हीवर तू विसरल्यासारखं करतोस आणि माईक पब्लिककडे धरतोस. पब्लिक ओरडतं.’ तो जरा थांबला. ‘चांगलं ओरडतं. तक्रार नाही.’

पण तक्रार तीच होती, हे सगळ्यांना कळलं.

‘तुझं काय म्हणणं आहे ते सांग,’ अँथनी अंकल म्हणाले.

सेबॅस्टियन माईकपाशी गेला. ‘बाहेर सगळे टाकीचं गाणं मागतात,’ तो म्हणाला. ‘विहीर कुठली, ते फक्त इथल्या लोकांना ठाऊक आहे. म्हणून मला इथे वाजवायचंय. वर्षातून एकदा.’ एवढ्याने कोणाला पटलेलं दिसेना. ‘एकदा पहिल्यासारखं म्हणतो. मग ठरवा.’

गिटार नव्हती, ड्रम नव्हता. त्याने पंपाच्या खोलीत म्हणायचा तसं सावकाश सुरू केलं. पहिलं कडवं संपेपर्यंत कोणी खोकलंसुद्धा नाही. प्रल्हादच्या मांडीवरचा नातू भिंत शोधायला उठला, पण मंडपाला भिंत नव्हती. तो परत बसला आणि ऐकू लागला. अँथनी अंकलनी चष्मा काढून हातात धरला. ठराव बारगळणार, असं मार्सेललाही वाटलं.

सेबॅस्टियनने दुसरं कडवं घेतलं.

‘पोहरा वर आला रिकामा…’

आणि तो थांबला.

पुढची ओळ आठवेना. कार्यक्रमात या जागी तो माईक लोकांकडे करायचा आणि ती ओळ लोक म्हणायचे. दोन-तीन वर्षांत त्याने ती स्वतः म्हटलीच नव्हती. त्याने डोळे मिटले. पुन्हा ‘पोहरा वर आला रिकामा’ म्हटलं. पुन्हा तिथेच अडकला. मग त्याने दीपेशकडे पाहिलं.

‘बघा,’ दीपेश म्हणाला. ‘टीव्हीवर पण अगदी इथंच थांबतो.’

मंडपात कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

‘नाही रे,’ सेबॅस्टियन म्हणाला. ‘खरंच विसरलो.’

‘टीव्हीवर हे पण म्हणतो,’ मागून आवाज आला. ‘असंच तोंड करून.’

अँथनी अंकलनी चष्मा लावला. ‘ठराव मान्य असलेल्यांनी हात वर करा.’

हात वर झाले. माईकपाशी उभं राहून पाहिलं तर ते हुबेहूब कार्यक्रमासारखं दिसत होतं.

दीपेशचाही हात वर होता. तो तसाच ठेवून, माईकपर्यंत पोहोचणार नाही इतक्या हळू, दीपेश पुटपुटला, ‘दोर तेवढा ओला.’