पद्माकरच्या नावावर फुली

सुमनने पेन्सिल उचलली आणि नवऱ्याच्या नावासमोर ठसठशीत फुली मारली. लग्नाआधी नाशिकच्या शाळेत शिकवताना तिने चुकलेल्या गणितांवर अशा हजारो फुल्या मारल्या होत्या. हात बसलेला होता.

एकोणऐंशीचा मे महिना. बर्मिंगहॅमला त्या दिवशी पार्लमेंटचं आणि कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या महापालिकेचं, मतदान एकदमच होतं, म्हणून हातात दोन कागद. आजवर ती या भानगडीत कधी पडली नव्हती. पार्लमेंटच्या कागदावर तिने लेबरला, म्हणजे कामगारांच्या पक्षाला, बरोबरची खूण केली. युनियन होती म्हणून पद्माकरची नोकरी टिकली. खाल्ल्या मिठाला जागायला हवंच. पण कौन्सिलला लेबरतर्फे खुद्द पद्माकर उभा होता आणि त्याला काहीही करून पाडायचं होतं. समोरच्या उमेदवाराला बरोबर म्हणायला मात्र तिचा हात धजेना. नवऱ्याचं नाव खोडलं, तेवढं पुरे.

दिवाळीत त्याला हार्ट अटॅक आला होता. दगदग बंद, दुसरा झटका झेपायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. तर हा बाबा पत्रकांचा गठ्ठा घेऊन कौन्सिल फ्लॅट्सचे जिने चढतोय! तिने सांगून पाहिलं, रडून पाहिलं, अबोलाही धरला. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस दांडगी. निवडून आला की चार वर्षं मीटिंगा आणि भांडणं. तिला कौन्सिलर नको होता, जिवंत नवरा हवा होता.

शुक्रवारी दुपारी तो मतमोजणीहून परतला. कोट न काढताच खुर्चीत बसला. एका मताने पडलो, म्हणाला. तीनदा मोजलं, तरी एकच.

शंभर मतांनी पडला असता तर सुमन गप्प बसली असती, कुणाला कळणार होतं? पण एकच मत, म्हणजे तिचंच. पंधरा वर्षं हा माणूस लोकांचे अर्ज भरत, लोकांसाठी भांडत आला आणि दगा झाला तो घरातूनच. तिला स्वतःची लाज वाटली.

“अहो, ते मत माझं. मी तुमच्या नावावर फुली मारली.”

पद्माकरला आधी काही कळेना. मग तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. इथे ज्याला निवडायचं त्याच्याच नावासमोर फुली मारतात, त्याने समजावलं. तशी पाटीसुद्धा आत लावलेली असते, पण मास्तरीणबाई कशाला वाचतील? महिनाभर शेकडो दारांत तो हेच सांगत फिरला होता. घरात सांगायचं तेवढं राहिलं. तिचं मत त्यालाच पडलं होतं.

सुमनला हायसं वाटलं. मग रागच आला. घरचं मत फुटलं नाही, तर ऐनवेळी फिरलेला तो मेला कोण, असं तिने विचारलं.

पद्माकरचं हसू थांबलं.

“मीच. पार्लमेंटला लेबर, कौन्सिलला समोरच्याला. नाव छापून गेल्यावर माघार घ्यायला तोंड नव्हतं.” त्याने तिचा हात हातात घेतला. “रात्री तू माझ्या नाकाशी बोट धरून श्वास बघतेस ना, तेव्हा मी जागाच असतो.”